गणिताच्या कोड्यांचा कार्डबॉक्स, सहावी ते आठवी : पोरांना आवडतोय, पण उत्तरं तपासून घ्या

मेनरोडवरून भाचीसाठी घेतला, ती सातवीत आहे. कोडी खरंच मस्त आहेत, नुसती पाढे-बेरजांची घोकंपट्टी नाही. सगळ्यात भारी कार्ड ६१७४ चं, म्हणजे आपल्या देवळालीच्या गणितज्ञ कापरेकर सरांचा आकडा! कुठलाही चार अंकी आकडा घ्यायचा, फक्त चारही अंक सारखे नकोत, मग अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहायची. भाचीने ३५२४ घेतला, ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८३५२, आणि तिसऱ्याच वजाबाकीला ६१७४ हजर! मग काय, घरातल्या सगळ्यांच्या गाड्यांचे नंबर घेऊन बसली, जेवायला उठेना. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतोच.

आता वैताग. गोगलगायीच्या कार्डावर (१० फुटी विहीर, दिवसा ३ फूट वर, रात्री २ फूट खाली) उत्तर चक्क १० दिवस छापलंय. अहो ८, कारण आठव्या दिवशी ती बाहेर पडते, घसरणार कुठून? दुकानदाराला सांगितलं तर म्हणे कंपनीला विचारा. आणि पुठ्ठा इतका पातळ की मागचं उत्तर उजेडात आरपार दिसतं, पोरं काय सोडतात होय! आठवीवाल्यांना थोडं सोपंच जाईल. पाचपैकी साडेतीन.