रिपग्रेप: वेगात बाप, पण पाइप ओळखायचं काम अंदाजपंचे

अँड्र्यू गॅलंटचं हे फाइलींमधला मजकूर शोधायचं टूल 2016 पासून आहे, रस्ट भाषेत लिहिलंय, फास्ट आहे हे सगळेच सांगतात त्यामुळे ते सोडा. मला बोलायचंय ते हे की पाथ (कुठल्या फाइल-फोल्डरमध्ये शोधायचं ते) न देता नुसतं आरजी (रिपग्रेपची कमांड) आणि शब्द टाकला तर ते शोधतं कुठे? टर्मिनलवर असाल तर चालू फोल्डरमध्ये, आणि मागून कॅटसारख्या कमांडचा पाइप आला, म्हणजे तिचं आउटपुट थेट आरजीत सोडलं, तर त्या इनपुटमध्ये. साधा ग्रेप (जुनी शोधायची कमांड) पाथ न देता चालवला की इनपुटची वाट बघत गप बसून राहतो आणि नवीन पोरांना वाटतं मशीन हँग झालं.

आणि हे ठरवायला ते इनपुट वाचून बघत नाही बरं का, डेटा आलेला नसताना रीड मारला की तिथेच अडकलं समजा. एफस्टॅटला (उघडलेल्या फाइलची माहिती देणारा सिस्टीम कॉल) फक्त विचारतं की शून्य नंबरच्या डिस्क्रिप्टरला, म्हणजे स्टँडर्ड इनपुटला, जोडलंय काय. फाइल, पाइप, सॉकेट (प्रोग्राम एकमेकांशी बोलतात ती जोडणी) यातलं काही असेल तर इनपुट, नाहीतर फोल्डर. कोणी म्हणेल शून्य टाइमआउटने पोल मारा की, म्हणजे न थांबता आत्ता डेटा आलाय का ते विचारा, पण मागची कमांड पहिली ओळ दोन सेकंदांनी सोडणारी असली तर पोल सांगणार डेटा नाही आणि बसा भलतीकडे शोधत. त्यामुळे एफस्टॅटच बरं.

लोचा असा की पाइप जोडलाय म्हणजे त्यातून कोणी काही पाठवणारच असं नसतं. नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) मधल्या एक्झेकने आरजी चालवलं तर त्याला इनपुट म्हणून पाइपच मिळतो, पलीकडचं टोक उघडंच, ईओएफ (इनपुट संपल्याची खूण) काही येत नाही आणि आरजी बसलंय वाट बघत. त्याहून डेंजर शेलमधला व्हाइल-रीडचा लूप (यादीतली एकेक ओळ वाचत फिरणारा), तिथे हँग पण होत नाही, पहिल्याच फेरीत आतलं आरजी यादीतल्या उरलेल्या सगळ्या ओळी गिळतं आणि लूप निमूटपणे संपतो, एरर वगैरे काही नाही!

स्क्रिप्टमध्ये वापरताना शेवटी ./ लिहायचंच, मग अंदाजाचा प्रश्नच उरत नाही. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक कापला कारण अडकल्यावर "इनपुटची वाट बघतोय" एवढं पण स्वतःहून सांगत नाही, डीबग फ्लॅग लावला की मग कळतं साहेबांनी काय ठरवलंय ते.