आईच्या पायासाठी लावलेलं न्यूरो फिजिओ सेंटर: पैसे वसूल, पण रोबोटमुळे नाही

स्ट्रोकनंतर आईला आम्ही पुण्यातल्या एका न्यूरो रिहॅब सेंटरला अख्खा पावसाळा नेत होतो. ओळखीतले बरेच जण विचारतात कसं आहे म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतेय. सेंटर चांगलं आहे, पाचपैकी चार मी देईन, पण ज्याची ते जाहिरात करतात (रोबोटिक ट्रेडमिल, त्याचा मोठा फोटोच लावलाय दारावर) ती तिथली सगळ्यात भारी गोष्ट नाहीये. सगळ्यात भारी आहेत तिथल्या सिनियर फिजिओ मॅडम, ज्या पेशंटला आणि घरच्यांना बसवून सांगतात की माणसाचा पाय नेमका चालतो कशाने.

आईचा प्रकार जरा वेगळा होता. बहुतेक स्ट्रोकमध्ये पायापेक्षा हात जास्त जातो, आईचं उलट, हात बराच बरा, वाटी धरता यायची, बोलणं साफ, पण डावा पाय आणि त्यातही घोट्याखालचा भाग एकदम ढिम्म. त्यामुळे येणारा प्रत्येक नातेवाईक म्हणायचा हा पॅरालिसिस नाहीच, कमरेत नस दबली असेल, तिथला एमआरआय काढा. मॅडमनी पहिल्याच दिवशी स्वतःच्या डोक्यावर बोट ठेवून दाखवलं की हात आणि तोंड हलवणारा भाग मेंदूच्या बाहेरच्या बाजूला कानाच्या दिशेने असतो, आणि पायाचा भाग अगदी मधे, दोन अर्धे समोरासमोर येतात त्या फटीत आतल्या बाजूला. दोघांना रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्या वेगवेगळ्या. आईची पुढची, मधल्या फटीतून जाणारी वाहिनी बंद झाली म्हणून पाय गेला, आणि उजवीकडची बंद झाली म्हणून डावा गेला, कारण मेंदूतून खाली उतरणारे बहुतेक तंतू मान सुरू व्हायच्या जरा वर बाजू बदलतात. एवढं पाच मिनिटात. हॉस्पिटलमध्ये हे आम्हाला कोणी इतकं नीट सांगितलं नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, "काकू, तुमच्या कमरेखाली काही बिघडलेलं नाहीये, तिथली यंत्रणा शाबूत आहे, आपल्याला तिलाच जागं करायचंय." हे वाक्य आईने धरून ठेवलं. पायाच्या स्नायूंना थेट हुकूम देणाऱ्या पेशी मेंदूत नसतातच, त्या मज्जारज्जूच्या खालच्या भागात असतात, साधारण शेवटच्या बरगड्यांच्या लेव्हलला. आणि त्या नुसत्या निरोप्या नाहीत, पावलामागून पाऊल टाकायचा ठेका तिथेच तयार होतो. १९११ मध्ये ग्रॅहम ब्राउन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने मांजरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की मज्जारज्जूचा मेंदूशी संबंध तोडला आणि पायाकडून येणाऱ्या संवेदनाही बंद केल्या तरी मागच्या पायाचे स्नायू आळीपाळीने वाकणं-ताठणं करत राहतात. १९६६ मध्ये रशियन शास्त्रज्ञांनी मांजराच्या मध्यमेंदूतल्या एका ठिकाणी करंट दिला तर मांजर ट्रेडमिलवर चालायला लागलं, करंट वाढवला तसं ते दुडक्या चालीने आणि मग चौखूर पळायला लागलं. म्हणजे वरून फक्त "चल" आणि "जोरात चल" एवढंच येतं, कुठला स्नायू कधी ते खाली ठरतं. मला हे ऐकून खरंच थक्क व्हायला झालं. माणसात इतकं सोपं नाही हेही त्यांनी सांगितलं, आपण दोन पायांवर उभे, तोल आहे, त्यामुळे मेंदूवर आपली भिस्त खूप जास्त, नुसत्या मज्जारज्जूवर माणूस चालत नाही.

आता ह्याचा ट्रीटमेंटमध्ये उपयोग काय तर सगळाच. वरून हार्नेसने (अंगाला बांधायचे पट्टे) थोडं वजन उचलून धरतात आणि आईला साध्या ट्रेडमिलवर चालवतात, एक जण कंबर धरतो, एक जण खाली बसून पाऊल. मांजरांवर असंच ट्रेनिंग कॅनडात १९८७ मध्ये झालं होतं, मज्जारज्जू पूर्ण तुटलेली मांजरं सरावाने मागच्या पायांनी परत पावलं टाकायला लागली, आणि मग माणसांसाठी ही पद्धत आली. आई पाय उचलायचा जीव तोडून प्रयत्न करायची, मांडी बाहेरून गोल फिरवून आणायची, तर मॅडम म्हणायच्या काकू उचलू नका, आधी पाय मागे जाऊ द्या. कारण मज्जारज्जू दोन गोष्टी बघतो, मांडी पुरेशी मागे गेली का आणि त्या पायावरचा भार कमी झाला का, ह्या दोन्ही झाल्या की पाय पुढे टाकायची वेळ झाली असं तो समजतो. घाबरून छोटी पावलं टाकणाऱ्या पेशंटचा पाय मागे जातच नाही आणि सगळा भार चांगल्या पायावर, मग तो इशारा मिळणार कुठून? हे कळल्यावर आम्ही घरी पॅसेजमध्ये चालवताना "पाय उचल पाय उचल" म्हणणं बंद केलं आणि डाव्या पायावर भार घे, मग उजवं पाऊल लांब टाक, असं सांगायला लागलो. फरक पडला, घरातल्या सगळ्यांना दिसला.

टाच थडथड उडायची तिची, खुर्चीतून पाय खाली ठेवला की, आई घाबरायची की परत अटॅक येतोय. तर ते मेंदूचा धाक कमी झाल्यामुळे. पोटरी एकदम ताणली की मज्जारज्जू लगेच आखडायचा हुकूम देतो, एरवी मेंदू त्याला आवरून धरतो, तो आवर सुटला की एका झटक्यातून दुसरा. उपाय काय, तर हळू ताणायचं, उतरत्या फळीवर उभं करायचं, घाईघाईने पाऊल वाकवायचं नाही. घरची मालीशवाली बाई नेमकं हेच जोरात करायची, ते थांबवलं.

रोबोटबद्दल. तो पायाला बांधतात आणि तोच पाय हलवतो, दर सेशनला साध्याच्या जवळपास तिप्पट, आणि रिसेप्शनवरचा मुलगा पॅकेजसाठी फार मागे लागतो, हे मला अजिबात आवडलं नाही. अमेरिकेत स्ट्रोकच्या ४०८ पेशंटवर एक मोठी चाचणी झाली होती, २०११ मध्ये छापून आली, त्यात रोबोट नव्हता पण हार्नेसवालं ट्रेडमिल होतं, आणि वर्षाच्या शेवटी निघालं की ट्रेडमिलवाले आणि घरी येऊन फिजिओने व्यायाम करून घेतलेले ह्यांच्यात खास फरक नाही, दोन्हीकडचे मिळून निम्म्याहून थोडे जास्त लोक सुधारले. मी स्वतः मॅडमना विचारलं तर त्यांनीही प्रामाणिकपणे सांगितलं की काकू स्वतः उभ्या राहू शकतात, त्यांना रोबोटची गरज नाही. स्वतःच्या सेंटरचं नुकसान करून असं बोलणारी माणसं कमी. रोबोट तिथे एका तरुण मुलाला लावायचे, बाइक ॲक्सिडेंटमध्ये मणक्याला मार लागलेला, त्याचं आईच्या बरोब्बर उलटं, मेंदू ठणठणीत पण निरोप खाली पोचत नाही, उभं राहणंच शक्य नाही, त्याला तेवढे तास दोन माणसं कुठून पुरणार, तिथे मशीन कामाचं. त्याच्या घरच्यांनी स्वित्झर्लंडच्या लोझानची २०२३ ची बातमी आणली होती, मेंदूतला इशारा वाचून मज्जारज्जूला पोचवणारं इम्प्लांट बसवून एक डच माणूस चालायला लागला ती. मॅडमनी खोटी आशा दाखवली नाही आणि हिरमोडही केला नाही, संशोधन आहे, अजून सर्रास मिळत नाही, तोवर सांधे आखडू द्यायचे नाहीत असं सांगितलं.

कमी काय आहे ते पण सांगते. हार्नेस मोठ्या मापाचाच आहे, आईसारख्या बारीक बाईला काखेत काचतो, घरून जाड टॉवेल न्या. संध्याकाळी गर्दी इतकी की आजूबाजूला गप्पा चालू, आणि अशा पेशंटला बोलता बोलता चालणं अवघड असतं, लक्ष तिकडे गेलं की पाऊल अडतं. १९९७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी नोंदवलं होतं की चालता चालता बोलायची वेळ आली की थांबणारे म्हातारे लोक पुढे जास्त पडतात. म्हणून सकाळचा स्लॉट घ्या. ज्युनियर मुलं मेहनती आहेत पण सारखी बदलतात, नवीन आला की सगळं पहिल्यापासून सांगा.

आई आता पायात स्प्लिंट घालून आणि काठी धरून सोसायटीत खाली चक्कर मारते, जिना कठडा धरून. घोटा अजून पूर्ण उचलत नाही. तुम्ही जाणार असाल तर पहिलं मूल्यांकन सिनियर मॅडमकडेच मागा, ते होईपर्यंत पॅकेजचे पैसे भरू नका, आणि पेशंटला रोज जो घरी चालवणार आहे त्याला सोबत न्या.