जुना माल द्या, ताजा घेऊन जा

घरी कोंबुचा (गोड चहा आंबवून केलेलं पेय), जिंजर बिअर, माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं) पेय असं काहीबाही आंबवत बसणाऱ्या नागपूरकरांनो, तुमचा उरलासुरला माल ‘अर्ध्या किमतीत वळता करून’ ताजा देतो म्हणणारा कोणी भेटला, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझे सहा हजारांवर रुपये गेले. त्या माणसाचं बोलणं सरळसरळ खोटं असतं तर पहिल्या पाच मिनिटांतच त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. तो बरंचसं खरं बोलत होता, गोम तिथेच आहे.

आपल्याकडची अडचण ठाऊकच आहे. आलं, गूळ, मसाला इतवारीत हवा तेवढा मिळतो. पण ब्रूइंगचं यीस्ट, बार्लीचा माल्ट, हॉप्स हे सगळं मुंबई-बंगळूरहून कुरिअरने मागवावं लागतं. (हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वेलीवरची फुलं, मी ती कोंबुचात वासापुरती घालतो.) कुरिअरचा खर्च वसूल व्हावा म्हणून माणूस जास्तच मागवतो, निम्मं उरतं, आणि मग मे महिना येतो. पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेला की फ्रिजबाहेरच्या यीस्टचं काय होतं ते सांगायला नको. त्यामुळे प्रत्येकाच्या घरी ‘टाकवत नाही आणि वापरवतही नाही’ अशा पाकिटांचा एक डबा असतोच. या गृहस्थाने नेमका तो डबा हेरला.

घरी आला, वजनकाटा सोबत. डबा उघडून एकेक पाकीट हुंगलं आणि म्हणाला, “फेकून काहून देता जी? बेल्जियमले लोक मुद्दाम जुने हॉप्स वापरून राहिले.” हे खरं आहे. ब्रुसेल्सच्या आसपास लँबिक नावाची आंबट बिअर होते, तिच्यात वर्षानुवर्षं मुरवलेले हॉप्स घालतात; कडवटपणा बराच उतरलेला असतो, पण नको ते जिवाणू रोखण्याचा गुण राहतो. मेलेलं यीस्ट उकळून घातलं की जिवंत यीस्टला ते खाद्य होतं, हेही तो म्हणाला, आणि तेही खरंच. जुन्या चहाचा वास उतरतो, बाकी काही बिघडत नाही, हेही खरं. याच दमात पुढचं आलं: यीस्ट जुनं असलं तर दुप्पट टाका, आणि कोंबुचावर बुरशी आली तर “वरची काढून टाका, खाली काही नसते.” तीन खऱ्यांच्या रांगेत हे चौथं-पाचवं बेमालूम बसून गेलं. बुरशीचं तर साफ धोकादायक आहे. कोंबुचावर जी जाड साय धरते तिच्यावर कोरडा, लव आलेला हिरवा-काळा ठिपका दिसला की साय आणि खालचं पाणी, सगळंच ओतून द्यायचं. यात काटकसर नाही.

माझा माल त्याने नेला, त्याची किंमत वळती केली, फरकाचे पैसे यूपीआयने आगाऊ घेतले. पार्सल आलं ते दिसायला झकास. नवी तारीख, नवं स्टिकर. यीस्ट कोमट साखरपाण्यात टाकलं. जिवंत असतं तर पंधरा-वीस मिनिटांत फेस धरायला हवा होता. ते तळाशी गाळासारखं बसून राहिलं. माल्टचा दाणा दाताखाली फुटाण्यासारखा कुरकुरीत फुटायला हवा, हा चामट लागला, आणि पिशवीच्या कोपऱ्यात पीठ धरलेलं. पीठ हलवलं तर सोंडे. हॉप्सच्या गोळ्या हिरव्या नव्हत्या, तपकिरी होत्या, नि वास थेट न धुतलेल्या मोज्यांचा. मुरलेल्या हॉप्सना हा वास येतोच. बेल्जियमवाले ते तासन्‌तास उकळतात, मी कोंबुचात गार घालणार होतो. शिवाय पैसे ‘ताजा माल’ म्हणून घेतले होते.

फोन केला तर आधी, “पाणी जास्त गरम झालं असंन.” दुसऱ्यांदा केला तर आवाज बदलला: “करा तक्रार. घरी दारू काढता म्हणून तुम्हीच आत जासान.”

इथे याच्या धंद्याची किल्ली आहे. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे घरी विनापरवाना बिअर-वाइन करणं गुन्हा आहे. आपल्यातले काहीजण तेही करतात, मी त्यावर बोलत नाही. पण त्यांना फसवलं तर ते चौकीची पायरी चढणार नाहीत, एवढं याला पक्कं माहीत आहे. मी तसलं काही करत नाही. कोंबुचात किंचित अल्कोहोल होतोच, अन्नसुरक्षेच्या नियमांत ०.५ टक्क्याच्या वर गेलं की पेय मद्य ठरतं, म्हणून मी बाटल्या लवकर फ्रिजमध्ये टाकतो. त्यामुळे त्याच्या धमकीला भीक घालायचं कारण नव्हतं.

खरी गंमत पुढे. मनीषनगरला राहणाऱ्या माझ्या मित्राने त्याच माणसाकडून हॉप्स घेतले. पाकीट बघायला आणलं, तर स्टिकरच्या कडेखालून निळी शाई डोकावत होती. पाकीट उघडल्याची तारीख मी कोपऱ्यात निळ्या मार्करने लिहितो. हेअर ड्रायरने स्टिकर उकललं: खाली मूळ छापील तारीख, कधीच उलटून गेलेली, आणि शेजारी माझं अक्षर. माझ्याकडून वजन करून नेलेलं पाकीट परत सील करून त्याने मित्राला ताजं म्हणून विकलं होतं. मग मला आलेले सोंडे कोणाच्या डब्यातले, देव जाणे.

स्टिकरवरचा परवाना क्रमांकही मोजला. अन्न परवान्याचा क्रमांक चौदा आकडी असतो, हा तेरा आकडी निघाला. एवढं तर कोणालाही दारातच मोजता येईल. स्टिकरवर स्टिकर आहे का ते नखाने बघा, पार्सल फोडताना मोबाइलवर व्हिडिओ घ्या, आणि यीस्टची फेस-परीक्षा झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. परीक्षेला तो नाही म्हणाला की समजून जा. पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर तितके ते पुढच्या खात्यात सरकतात. मालाच्या तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

मी आणि मित्राने दोघांनी तक्रार दिली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. तो नंबर बंद झाला, पण हीच ‘अदलाबदली’ दुसऱ्या नंबरवरून अमरावतीकडे चालू असल्याचं कानावर आलंय. तुमच्याकडे असं दुहेरी स्टिकरचं पाकीट आलं असेल तर ते सोलू नका, आहे तसं ठेवा आणि तक्रारीला जोडा. आम्ही आमचं सोलून बसलो होतो, तर तपास अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला.