गोधडी: हाताने शिवावी की मशीनवर?

आईची दोन नऊवारी लुगडी समोर ठेवून मीही याच प्रश्नापाशी अडलो होतो. दोन्ही पद्धतींनी एकेक गोधडी पुरी केल्यावर माझे मत थोडे एका बाजूला झुकले आहे, हे आधीच सांगितलेले बरे. कापडाचा हिशेब दोन्हीकडे सारखाच आहे. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे पडतात आणि एका माणसाच्या गोधडीचे पोट त्यात भरते.

वरची ठिगळांची नक्षी जोडण्यापुरते मशीन सरस आहे, याबद्दल मला शंका नाही. त्रिकोणाला त्रिकोण जोडताना शिवणीची कड सगळीकडे सारखी राहिली नाही तर चार टोके एका बिंदूत मिळत नाहीत, आणि ती सारखी ठेवणे मशीनवर सोपे जाते. ज्या कामाला हाताने पंधरवडा लागला असता, ते मी एका रविवारी उरकले.

खरी अडचण पुढे, सगळे थर एकत्र शिवताना येते. मशीनचे दाते सर्वांत खालचे कापड पुढे ओढतात, वरचा फूट सर्वांत वरचे कापड दाबून धरतो आणि मधले, वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेले थर कोणाचेच ऐकत नाहीत. वरून पाहावे तर ओळ पट्टीने आखल्यासारखी सरळ दिसते. गोधडी पालथी केली की अस्तरात बोटभर चुणी पक्की शिवली गेलेली असते. मी तीन ओळी उसवल्या, पुन्हा घातल्या आणि चुणी वीतभर पलीकडे जाऊन बसली. त्यात जुने लुगडे उसवणे सोसत नाही. बारीक टाक्यांची छिद्रे इतकी जवळजवळ पडतात की दुसऱ्यांदा उसवताना कापड त्याच रेषेवर फाटू लागले. मेनरोडवरून वॉकिंग फूट आणला, कच्चे टाकेही अधिक दाट घातले. हा फूट वरचे थरही दात्यांबरोबर सरकवतो, त्यामुळे त्रास निम्म्यावर आला असे मला वाटले. पण तो संपला नाही. यात माझ्या हाताचा दोष नसेलच असे मी म्हणणार नाही.

दुसरी गोधडी मावशीच्या देखरेखीखाली जमिनीवर पसरून हाताने शिवली. ती एवढेच म्हणाली, “सुईकडे बघू नकोस, खालच्या हाताकडे लक्ष दे.” डावा पंजा अस्तराखाली पालथा-उताणा फिरत असतो आणि चुणी सुईखाली येण्याआधीच बोटांना लागते. कडेपासून सुरुवात करून दोन बोटांच्या अंतराने फेरे घेत मध्याकडे सरकायचे, म्हणजे उरलेला सैलपणा आत ढकलला जातो आणि वेळोवेळी तळहाताने निपटता येतो. धावदोऱ्याचे टाके लांबट असल्यामुळे एखादी ओळ चुकली तरी दोरा अलगद ओढून काढता येतो आणि कापडाला इजा होत नाही.

वेळेच्या बाबतीत मात्र हाताची बाजू लंगडी आहे. मशीनवरची गोधडी चार दिवसांत झाली. हाताची दिवाळीत सुरू केली ती संक्रांत उलटल्यावर संपली, म्हणजे निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येत होत्या तेव्हा ती माझ्या मांडीवर अर्धवटच होती. त्यामुळे नवे, घट्ट विणीचे कापड वापरणार असाल, किंवा रोज धुण्यात जाणारे बाळाचे दुपटे शिवायचे असेल, तर मशीन घ्यायला हरकत नाही. जुनी लुगडी असतील तर नक्षी मशीनवर जोडावी आणि थर हाताने शिवावेत, असे मी सुचवेन.

हाताने शिवायचे ठरले तर दाभण घेऊ नये. त्याची भोके धुतल्यावरही बुजत नाहीत. लांब, मोठ्या नेढ्याची सुई आणि जाड सुती दोरा पुरतो. तो हातभरच घ्यावा, नाहीतर गुंता सोडवण्यातच संध्याकाळ जाते. अंगुस्तान उजव्या हाताच्या मधल्या बोटात घालावे. डाव्या हाताच्या बोटांना पहिले आठ दिवस सुई टोचेल. तिथे फार तर चिकटपट्टी लावावी, अंगुस्तान नको, कारण धातूच्या आडून चुणी कळत नाही.