ध्रुवीय बर्फाचा प्रयोगसंच : पहिला प्रयोग वगळून घ्यावा असा

ध्रुवांवरचे बर्फ का वितळते आणि त्याने काय होते, हे आठ ते बारा वर्षांच्या मुलांना समजावून देणारा एक प्रयोगसंच या सुट्टीत माझ्या नऊ वर्षांच्या मुलीसाठी साडेसहाशे रुपयांना घेतला. खोक्यात दोन पारदर्शक ट्रे, बर्फाचा साचा, चिकणमाती, काळा व पांढरा कागद, दोन तापमापक आणि मराठी पुस्तिका आहे. झाकणावर उत्तर ध्रुवाकडचे ध्रुवीय अस्वल आणि दक्षिणेकडचा पेंग्विन एकाच हिमखंडावर शेजारी उभे आहेत, आणि तिथेच थोडी शंका यायला हवी होती.

पहिल्या प्रयोगात पाण्यात बर्फाचे खडे तरंगत ठेवून पातळीची खूण करायची आणि बर्फ वितळल्यावर ‘वाढलेली पातळी’ मोजायची, असे पुस्तिका सांगते. तासाभराने पाहिले, तर पाणी खुणेला टेकलेले होते तसेच होते. आपलेच काहीतरी चुकले असे वाटून मुलीने ट्रे पुसून, बारीक टोकाच्या पेनाने नवी खूण करून सगळे पुन्हा केले. पाणी पुन्हा तिथेच. चूक अर्थात पुस्तिकेची होती. तरंगणारे बर्फ आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारत असल्यामुळे वितळल्यावर ते नेमके तेवढ्याच जागेत मावते, आणि म्हणूनच आर्क्टिक महासागरावर तरंगणारे बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. डोळ्यांना दिसते ते खोटे आणि छापलेले ते खरे, असे मुलाला वाटायला लावणारी चूक विज्ञानाच्या खेळण्यात अक्षम्य आहे.

दुसरा प्रयोग मात्र उत्तम जमला आहे. ट्रेमध्ये मातीचा उंचवटा करून त्यावर बर्फ ठेवायचे. ते वितळून ओघळू लागते आणि खूण हळूहळू पाण्याखाली जाते. हा उंचवटा म्हणजे ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका, एवढे सांगितले की फरक मुलांना आपोआप उमगतो. ग्रीनलंडवरचे सगळे बर्फ वितळले तर समुद्र सुमारे 7 मीटरने चढेल, हा पुस्तिकेतला आकडा बरोबर आहे; पण त्याला अनेक शतके, कदाचित हजारो वर्षे लागतील हे न सांगता शेजारी बुडालेल्या गेटवे ऑफ इंडियाचे चित्र छापल्याने मुलीने रात्री झोपताना ‘आजीचे घर कितव्या मजल्यावर आहे?’ असे विचारले. 1901 ते 2018 या काळात जगभरातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे 20 सेंटिमीटरने वाढली आणि त्यातला मोठा वाटा तापून फुगलेल्या पाण्याचाही आहे, ही माहिती तिथे असती तर भीतीऐवजी समज आली असती.

तिसऱ्या प्रयोगात काळा व पांढरा कागद टेबल लॅम्पखाली ठेवून दोन्हींखालचे तापमान मोजायचे असते. हल्ली घरोघरी एलईडी दिवे आहेत, त्यांची ऊब पुरत नाही, हे संच बनवणाऱ्यांच्या लक्षात आलेले दिसत नाही. आम्ही कागद गॅलरीतल्या उन्हात ठेवले आणि वीस मिनिटांत काळ्याखालचा पारा स्पष्टपणे पुढे गेला. पांढरे बर्फ ऊन परतवते, ते गेले की खालचा गडद समुद्र ऊन शोषतो आणि आणखी बर्फ वितळते, हे चक्र यातून फार सहज कळते. उपग्रहांनी 1979 पासून ठेवलेल्या नोंदींत आर्क्टिकवरचे बर्फ सर्वांत कमी झाले ते सप्टेंबर 2012 मध्ये, सुमारे 34 लाख चौरस किलोमीटर. तरंगते बर्फ पातळी वाढवत नसले तरी त्याची काळजी का करायची, याचे उत्तर याच प्रयोगात आहे. पुस्तिका मात्र ते जोडून दाखवत नाही.

अंटार्क्टिकावरील भारताची मैत्री आणि भारती ही संशोधन केंद्रे, आर्क्टिकमधील नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचे हिमाद्री हे केंद्र आणि या संशोधनाचा कारभार पाहणारी गोव्यातील वास्को येथील संस्था यांचा पुस्तिकेत उल्लेखही नाही.

पालक किंवा शिक्षक सोबत बसणार असतील तरच हा संच घ्यावा. चिकणमाती पाण्यात विरघळून ट्रे गढूळ होतो आणि खूण दिसेनाशी होते, तेव्हा उंचवट्यासाठी सरळ एखादा चपटा दगड वापरावा.