तैवान की सिंगापूर? चिनी भाषिकांमध्ये ख्रिस्ती सेवेचा विचार करणाऱ्यांसाठी

चीनच्या मुख्य भूमीवर परदेशी व्यक्तीने चिनी नागरिकांत धर्मप्रसार करण्यास कायद्याने मनाई आहे. त्यामुळे या सेवेचे पाचारण आपल्याला आहे असे वाटणाऱ्या मराठी ख्रिस्ती व्यक्तीपुढे बहुधा तैवान आणि सिंगापूर हे दोन पर्याय उरतात. दोन्हीकडे धर्मस्वातंत्र्य आहे आणि जुन्या ख्रिस्ती मंडळ्याही आहेत. मात्र तेथे सुवार्ता निरनिराळ्या दारांनी आत गेली आणि तो फरक अजून पुसलेला नाही.

कॅनडाचे मिशनरी जॉर्ज मॅके १८७२ मध्ये उत्तर तैवानातील तामसुईला उतरले. बोलीभाषा त्यांनी गुराखी पोरांकडून शिकून घेतली, १८७८ मध्ये स्थानिक स्त्रीशी विवाह केला आणि गावोगाव फिरताना लोकांचे दुखरे दात उपटले. त्यांच्याच हिशेबाने ते २१,००० हून अधिक होते. याउलट बंगळूरमध्ये जन्मलेल्या मिशनरी विल्यम ओल्डहॅम यांनी १८८६ मध्ये सिंगापुरात चिनी व्यापाऱ्यांच्या अवघ्या १३ मुलांना घेऊन इंग्रजी शाळा उघडली. सिंगापूरच्या मंडळीवर इंग्रजी शिक्षणाची ती छाप आजही दिसते. २०२० च्या जनगणनेत तेथील १८.९ टक्के रहिवासी ख्रिस्ती होते आणि पदवीधरांत हे प्रमाण बरेच अधिक आहे. तैवानात मूळनिवासी जमातींपैकी बहुसंख्य लोक ख्रिस्ती असले, तरी एकूण लोकसंख्येत ख्रिस्ती अल्पसंख्यच आहेत आणि होक्कियन ही चिनी बोली बोलणारा कष्टकरी वर्ग मंडळीपासून दूरच राहिला आहे.

खरी कसोटी भाषेची नसून पूर्वजांची आहे. तैवानातील अनेक घरांत पूर्वजांच्या नावांच्या पाट्या देव्हाऱ्यात असतात आणि थोरल्या मुलाने बाप्तिस्मा घ्यायचे म्हटले की आईचा पहिला प्रश्न असतो, ‘मग माझ्यासाठी धूप कोण लावणार?’ रोमन कॅथलिक चर्चने पूर्वजांना आदरांजली वाहण्याच्या विधींवरील जुनी बंदी १९३९ मध्ये उठवली. प्रोटेस्टंट मंडळ्या मात्र बहुधा फुले वाहणे आणि प्रार्थना करणे एवढ्यावर थांबतात. पितृपक्षात हिंदू नातेवाइकांच्या घरी पान वाढले गेल्यावर काय करावे, या पेचातून गेलेल्या मराठी ख्रिस्ती माणसाला ही वेदना समजावून सांगावी लागत नाही आणि माझ्या मते ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. सिंगापुरातही हा प्रश्न आहेच, पण इंग्रजी उपासनेला येणाऱ्या कुटुंबांत तो अनेकदा आधीच्या पिढीत सुटलेला असतो. तैवानात आणखी एक काळजी घ्यावी, ती म्हणजे समोरच्याला सहजपणे ‘चिनी’ म्हणू नये; अनेकांना ते खटकते.

सिंगापुरात पहिल्याच रविवारी इंग्रजीतून काम सुरू करता येते आणि भारतीय किराणा मिळतो, तमिळ उपासनाही सापडते. मात्र राहणी महाग आहे. शिवाय धार्मिक सलोख्याच्या कायद्यातील दुरुस्तीनुसार धार्मिक संस्थेची प्रमुख पदे नागरिकांनी किंवा कायम रहिवाशांनीच सांभाळायची असतात. हे बंधन मला तरी हिताचे वाटते, कारण त्यामुळे पाहुण्याला पाहुण्याच्या जागी राहावे लागते.

मुले शाळेत जाणारी असतील आणि हाती तीन-चार वर्षेच असतील, तर सिंगापूर निवडावे. पण तेथेही इंग्रजीवर न थांबता सरकारी वसाहतींतील मँडरिन (प्रमाण चिनी) बोलणाऱ्या वृद्धांकडे जावे. दहा वर्षे देता येत असतील, तर नि:संशय तैवान. निर्णय होत नसेल, तर तैपेईतील एखाद्या विद्यापीठाच्या भाषाकेंद्रात वर्षभर मँडरिन शिकावी, कारण तेथे शिकवली जाणारी चिनी लिपीची पारंपरिक चिन्हे आत्मसात झाल्यावर सिंगापूरची सुलभ चिन्हे वाचणे फारसे अवघड जात नाही. उलट दिशेने मात्र बरेच कष्ट पडतात.