उरमोडीवर होडीतून गळ टाकणाऱ्यांसाठी : बोगद्याच्या वाटेवरच्या घाण्याची पेंड

साताऱ्यात समर्थ मंदिराकडून बोगद्याकडे जाताना रस्त्याला लागून एक लाकडी घाणा आहे. लोक तिथं शेंगदाण्याचं आणि करडईचं तेल घ्यायला रांग लावतात. मी तिथून तेल कधीच घेतलेलं नाही. गेली तीन वर्षं मी फक्त शेंगदाणा पेंड नेतो, तीही गुरांसाठी नाही, माशांसाठी. उरमोडीच्या धरणात होडीतून गळ टाकायचा तर आधी पाण्यात चारा सोडावा लागतो, आणि त्यासाठी यापेक्षा चांगली पेंड मला साताऱ्यात, कराडात किंवा वाईत मिळालेली नाही.

सगळा फरक तेलाचा आहे. पोत्यातून येणारी कारखान्याची पेंड कडक, कोरडी असते, कारण तिच्यातलं तेल निघेल तेवढं काढून घेतलेलं असतं. घाणा हळू फिरतो, फार तापत नाही आणि सगळं तेल काही ओढून घेत नाही. त्यामुळं पेंडेत तेल शिल्लक राहतं. हाताला चिकटते, वास खमंग येतो, आणि मूठभर पाण्यात सोडली की दोन मिनिटांत पाण्यावर बारीक तवंग पसरतो. मासा त्या तवंगाच्या आणि वासाच्या मागं येतो.

हे मला आधी समुद्रावर कळलं. गुहागरला एका होडीवाल्यानं तारली कुटून तिचा खिमा बादलीत ठेवला होता. नांगर टाकल्यावर तो पळीपळीनं पाण्यात सोडायचा. तेल वर राहायचं, बारीक कण हळूहळू खाली जायचे आणि पाण्याची ओढ त्यांचा लांब माग तयार करायची. समुद्रावर हौशी लोक याला चम म्हणतात. आपल्याकडं तारलीचा खिमा कामाचा नाही, कटला-रोहूला त्यात गोडी नाही. सांगलीकडं कृष्णेत, भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात तर मासळीचा खिमा सोडायचं नावही काढू नका, तिथं मगरी आहेत. पण त्या होडीवाल्याची रीत धरणातही तशीच्या तशी लागू पडते : थोडं सोडायचं, सारखं सोडायचं, आणि गळ त्याच मागात ठेवायचा.

पहिल्यांदा मी हे पाळलं नाही. दाजींच्या होडीत बसलो आणि तीन किलो पेंड एका दमात ओतली. दाजी मच्छीमार सोसायटीचे सभासद आहेत, सोसायटी धरणात बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, सोडते तेव्हा तेही जातात, त्यामुळं माशाचा स्वभाव त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. होडीच्या चारी बाजूंनी बुडबुड्यांच्या माळा उठल्या, मासा खाली होता हे नक्की. दोन तास गळाच्या दोरीवरचं तरंगतं बूच हललं नाही. दाजी म्हणाले, "अरे, मासा जेवायला बोलावलास का धरायला?" पोट भरलेला मासा गळाकडं कशाला बघेल! त्या दिवशी रिकाम्या हातानं सज्जनगडाच्या पायथ्यावरून परत येताना मला फार वाईट वाटलं होतं. पेंड चांगली होती, वापर चुकला होता.

आता माझं मिश्रण ठरलेलं आहे. दोन किलो पेंड आदल्या रात्री थोड्या कोमट पाण्यात भिजवायची, पातळ होऊ द्यायची नाही. सकाळी त्यात एक किलो भाताचा कोंडा, तोही कढईत भाजून. कच्च्या कोंड्याला तो वास येत नाही. मूठभर मेथी भाजून कुटलेली, थोडा ओवा आणि पाव किलो काकवी. चुरमुरे हातानं चुरून शेवटी टाकायचे, होडीत बसल्यावर. आधी टाकले तर ओले होऊन बुडतात, आणि आपल्याला त्यातले काही कण वर तरंगत राहायला हवे असतात. कणीक घालू नका. गोळा बांधला जातो हे खरं, पण तो पाण्यात फुटत नाही, तसाच तळाला जाऊन बसतो. लिंबाएवढा गोळा बादलीभर पाण्यात टाकून बघा. तळाला टेकताच सुटायला लागला पाहिजे.

कटला, रोहू आणि मृगळ एकाच ठिकाणी चरत नाहीत. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळाला. म्हणून मी एकच चारा दोन तऱ्हेनं सोडतो. कटल्यासाठी गोळा न बांधता मोकळा चुरा मुठीनं उधळतो, पाण्यात धुक्यासारखा ढग होतो आणि गळ त्या ढगात चार-पाच फुटांवर ठेवतो. मृगळासाठी गोळे.

पण गोळ्यांच्या बाबतीत एक गोष्ट कळायला मला एक पूर्ण उन्हाळा गेला. दुपारनंतर पश्चिमेकडून वारा सुटतो आणि वरचं पाणी धरणाच्या भिंतीकडं सरकतं. मी गोळेही त्याच बाजूला टाकत होतो. वारा वरचं पाणी ढकलतो तेव्हा खालून पाणी उलट दिशेला परतत असतं. तळाला गेलेला चारा वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला जातो, आणि माझा गळ भलतीकडंच! त्यावर उपाय म्हणून चार इंची पीव्हीसी पाइपचा एक फुटाचा तुकडा घेतला. मी एमआयडीसीत टर्नर होतो, त्यामुळं आठ मिलिमीटरची भोकं सरळ रांगेत पाडून दोन्ही टोकांना टोपण बसवायला वेळ लागला नाही. आत चारा आणि वजनाला शिसं. सुतळीनं तळापर्यंत सोडायचा, थोड्या थोड्या वेळानं एक झटका द्यायचा. चारा बरोबर गळाखाली सुटतो. पाइपच्या भोकांतून घाण्याची पेंड आपसूक बाहेर येते. कारखान्याच्या पेंडेचे खडे आतच अडकून राहिले, हेही मी करून पाहिलंय.

होडी फिरली तर हे सगळं वाया जातं. पुढं आणि मागं दोन्हीकडं नांगर टाका, नाहीतर होडी वाऱ्यानं झुलत राहते आणि चारा पंख्यासारखा पसरतो, मासाही तसाच पसरतो. पत्र्याच्या होडीत तळाला बारदान अंथरा, डबा आपटला तरी खाली आवाज जातो. सुरुवातीला दोन-तीन मुठी, मग पाच-सात मिनिटांनी एक गोळा. ओढ लागायला लागली की हात आणखी आखडता घ्या. गळाला पेंडेचीच गोळी लावा, थोड्या मैद्यात बांधून, म्हणजे ज्या वासामागं मासा आला तोच त्याला गळावर मिळतो.

मार्चमध्ये या पद्धतीनं साडेचार किलोचा कटला आला. बूच बुडालं नाही, उलट वर येऊन आडवं पडलं. दाजींनी बोट वर केलं, काही बोलले नाहीत. रीळ सुटली तेव्हा माझे हात थरथरत होते. वीस मिनिटं लागली.

आता घाण्याबद्दल. पेंड साठ रुपये किलो आहे, बाजारातल्या पेंडेपेक्षा महाग, पण कमी लागते. घाण्यावरच्या वहिनी स्वतः काट्यावर बसतात, माप चोख. गुळाच्या ढेपेसारखी वडी फोडून मागितली तर फोडून देतात. तक्रार एकच, आणि ती गंभीर आहे. श्रावणात एकदा घरी पिशवी उघडली तर पेंडेला हिरवट बुरशी होती. शेंगदाणा पेंडेवरची बुरशी विषारी असू शकते. तसली पेंड गुरांना घातली तर विष दुधात उतरतं, आणि पाण्यात टाकली तर माशांच्याही अंगी लागते. मी ती परत नेली. वहिनींनी पिशवी उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "दादा, ही तुमच्या हातात जायलाच नको होती." लगेच ताजी दिली आणि उरलेलं पोतं माझ्यासमोर बाजूला काढलं. तेव्हापासून पावसाळ्यात मी दुकानातच वडी मोडून आत बघतो. तुम्हीही बघा. तसंही आषाढ-श्रावणात अंड्यावरचा मासा असतो, त्या दिवसांत गळ घरीच राहू द्या.

उरलेला चारा धरणात ओतून येऊ नका. तो कुजतो आणि पाण्यातली हवा खातो. उन्हाळ्यात पाणी आटलेलं असताना तर फारच. मी परत आणून परसातल्या फणसाला घालतो. आणि सोसायटीच्या परवानगीशिवाय होडी लोटू नका, पाण्यात मासा आहे तो त्यांनी सोडलाय म्हणून आहे.

सोमवारी आणि गुरुवारी शेंगदाण्याचा घाणा असतो. दहाच्या आत गेलात तर पेंड हाताला कोमट लागते. अकरानंतर गवळी सगळी उचलून नेतात.